बापाला पुरून येऊ दे

शाळेत मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झालो त्याच महिन्यात आमच्या पाळकांनी माझ्याकडे तरुणांचा वर्ग सोपवला. रविवारची उपासना संपली की चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस मुलंमुली जमायची. बहुतेक धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली, शिकायला शहाद्याजवळच्या लोणखेड्याला आलेली, हॉस्टेलवर राहणारी. घरी पावरी नाहीतर भिली बोलायची. बायबल मात्र त्यांना मराठीत वाचावं लागे, आणि ते मराठी त्यांच्या कॉलेजातल्या मराठीहूनही लांबचं होतं. पाळक मला म्हणाले, "सर, प्रवचन मी करतो. तुम्ही नुसता अर्थ सांगा."

नुसता अर्थ सांगणं मला फार आवडायचं, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या. आजोबा मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे, आणि तिथल्या डॉक्टरांनी जाताना दिलेले चार जाडजूड ग्रंथ त्यांच्याकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आले होते. बायबलातल्या प्रत्येक ओळीवर त्यांत पानंच्या पानं होती. शनिवारी दुपारी मी ते काढून बसायचो. रविवारी मुलांनी काहीही विचारलं की माझं उत्तर "त्या काळी" या दोन शब्दांनी सुरू व्हायचं. त्या काळी तिथे अशी रीत होती, त्या काळी त्या शब्दाचा अर्थ असा होता. मुलं मागे माझी नक्कल करायची, आणि मला ते कळलं तेव्हा बरंच वाटलं होतं.

प्रश्न खरोखर अवघड असायचे. अंजिरांचा हंगामच नव्हता तर प्रभूने त्या झाडाला शाप का दिला? बापाला मुलाचा बळी द्यायला सांगून देवाने त्याला तीन दिवस चालवलं कशाला? एकदा एका मुलाने विचारलं, "सर, सणाला आमच्या घरी देवापुढे कोंबडी कापतात. तिचं मटण खायचं की नाही? नाही खाल्लं तर आई जेवत नाही." मी त्याला प्रेषिताच्या पत्रातला उतारा काढून दिला, त्या काळच्या शहरातले मांसबाजार समजावून सांगितले, दुबळ्या विवेकाचा माणूस म्हणजे कोण ते सांगितलं. अर्धा तास बोललो. तो "हो सर" म्हणाला आणि खाली बसला. पुढे सणाला घरी जाऊन त्याने काय केलं, ते मी कधी विचारलं नाही. त्याची आई जेवली का, तेही नाही.

एक मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं गाव धडगावच्या पुढे, गाडीरस्ता संपल्यावर तासभर चालायचं. घरात बारावी झालेली ती पहिलीच. घरचे सगळे त्यांचा जुना धर्म पाळणारे, आणि ही हॉस्टेलातल्या मैत्रिणीबरोबर चर्चला येऊ लागली आणि पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. तेव्हा घरी मोठं भांडण होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तिच्या बापाने ते होऊ दिलं नाही. "तुझा देव तुझ्यापाशी, आमचा आमच्यापाशी. घरी येत राहा," एवढंच तो म्हणाला. हे तिने मला नाही, माझ्या बायकोला सांगितलं होतं. वर्ग संपल्यावर दोन-तीन मुली आमच्याकडे जेवायला यायच्या, त्यांत ती असायची. स्वयंपाकघरात ती पुष्कळ बोलते असं बायको म्हणायची. वर्गात ती वर्षभरात एकदाच बोलली.

होळी दहा-बारा दिवसांवर आली होती. डोंगरातली मुलं होळीला हटकून घरी जातात, त्यामुळे त्या रविवारी सगळ्यांच्या गप्पा गाड्यांच्या आणि सुट्टीच्या होत्या. कुणाला काही विचारायचंय का, असं मी सवयीने म्हणालो, आणि ती उभी राहिली.

"सर, तो माणूस म्हणतो ना, आधी मला जाऊन बापाला पुरून येऊ दे. आणि प्रभू त्याला म्हणतात, मेलेल्यांचं मेलेले बघतील, तू माझ्या मागे ये. असं कसं म्हणतात ते?"

मला आनंद झाला. या ओळीवर माझी तयारी होती. ग्रंथातलं पानसुद्धा डोळ्यांसमोर आलं.

"त्या काळी," मी म्हणालो, "त्या देशात माणूस गेला की त्याच दिवशी मूठमाती देत. त्याचा बाप खरोखर मेला असता तर हा रस्त्यात उभा राहून बोलत असता का? घरी असता. म्हणजे बाप मेलेला नव्हता. बापाला पुरून येतो, ही त्यांच्याकडे बोलायची एक पद्धत होती. बाप आहे तोवर मी घरी राहतो, तो गेला की मग बघू, असा तिचा अर्थ. ती सबब होती. आणि प्रभूने त्याची सबब ओळखली."

मुलांच्या चेहऱ्यांवर उजेड पडलेला दिसला. कठोर वाटणारी ओळ अशी सोडवून दाखवली की तो उजेड पडतो. त्यासाठीच मी दर शनिवारी ग्रंथ काढत होतो.

ती अजून उभीच होती. "म्हणजे त्याचा बाप जिवंत होता?"

"जिवंत होता."

"आजारी असेल?"

"असेल. म्हातारा असेल, आजारी असेल. पण सबब ती सबबच."

ती खाली बसली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्या दिवशी ती आमच्याकडे आली, पण जेवली नाही. बायकोने आग्रह केला तेव्हा अर्धी भाकरी घेऊन बसून राहिली. मुली गेल्यावर भांडी आवरता आवरता बायको तिच्या अहिराणीत मला म्हणाली, "तिना बाप बिमार शे. छातीना खोकला परत उभा ऱ्हायना, आंग सुकी गयं म्हने. ती का बरं इचारी ऱ्हायनी व्हती तुम्हले, ध्यानमा उनं का?"

तेव्हा मला काहीतरी टोचलं. नाही असं म्हणणार नाही. मी विचार केला की तिला बोलावून नीट विचारायला हवं. पण हॉस्टेल दीड किलोमीटरवर, ऊन तापायला लागलेलं, आणि पुढच्या रविवारी ती येणारच होती. पुढच्या रविवारी विचारू, असं मी ठरवलं. त्या सात दिवसांत मी बाजारात दोनदा गेलो, एकदा सारंगखेड्याला एका ओळखीच्याकडे जाऊन आलो. हॉस्टेल त्या रस्त्यावरच होतं.

पुढच्या रविवारी पाळकांनी उपासनेत जाहीर केलं की आपल्या मंडळीतली एक कन्या सेवेच्या प्रशिक्षणासाठी गुजरातेत गेली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं. डोंगरातल्या गावांमध्ये जाऊन रोगी पाहणारी आणि देवाचं वचन सांगणारी तरुण मुलं तिथल्या संस्थेला तयार करायची होती. तिची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. पाळकांनी महिन्याभरापूर्वीच तिला विचारलं होतं आणि ती हो-नाही करत होती. "मागच्या रविवारी संध्याकाळी आली आणि म्हणाली, जाते," पाळक मला सांगत होते. "म्हणाली, सरांनी सांगितल्यावर मन मोकळं झालं." त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

प्रशिक्षणात फोन जमा करून घेत. त्यामुळे मुलांचं लक्ष लागतं, असं पाळक म्हणाले.

एप्रिलच्या मध्यावर तिचा मोठा भाऊ खाली आला. आधी हॉस्टेलवर गेला, तिथून कुणीतरी त्याला चर्चकडे पाठवलं. बाप गेला होता. पाळकांनी गुजरातेत फोन लावला. ती शहाद्याला पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला, आणि भाऊ तोवर परत निघून गेला होता. पाळकांना त्या दिवशी एक लग्न लावायचं होतं. तिच्याबरोबर मी गेलो.

धडगावपर्यंत जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर दाटीने बसलो होतो. घाटात जीप वळली की ती समोरच्या दांडीला धरायची. पूर्ण रस्ता ती रडली नाही. फक्त एकदा, धडगावला दुसऱ्या गाडीची वाट बघताना म्हणाली, "आता सगळं झालंच असेल ना, सर?" मी हो म्हणालो. पुढे चालायचा रस्ता लागला तेव्हा ती माझ्यासाठी मध्येमध्ये थांबायची. मला चढ झेपत नव्हता. बापाच्या घरी जाताना तिला माझ्यासाठी थांबावं लागत होतं.

घर टेकाडावर एकटंच होतं, कुडाच्या भिंतींचं. अंगणात एक रिकामी खाट पायवाटेकडे तोंड करून ठेवलेली होती. भाऊ बाहेर आला. त्याने मला खाली बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. तो दरवर्षी ऊसतोडीला जात असल्याने मराठी बोलायचा, अडखळत पण स्पष्ट. तो बहिणीशी बोलला नाही. सगळं माझ्याकडे बघून बोलला.

"होळीपासून बोलवत होतो. समोरच्या टेकडीवर चढलं की फोनला रेंज येते. रोज चढायचो. फोन बंद. बा रोज विचारायचा, आली का. शेवटी म्हणाला, माझी खाट बाहेर काढा, मला वाट दिसली पाहिजे."

मी खाटेकडे पाहिलं.

"जायच्या आधी ही फोनवर बोलली होती," तो म्हणाला. "मी सांगितलं, बाला बरं नाही, आधी घरी ये. तर म्हणाली, दादा, मी घरी आले तर ती सबब होईल. मी विचारलं, सबब म्हणजे काय? मला तो शब्द माहीत नव्हता. ही म्हणाली, पुस्तकात तसं आहे. बाला मी काय सांगणार? मलाच कळलं नव्हतं." मग तो थांबला आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाला, "कुणी शिकवलं तुला ते?"

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. ती माझ्यापासून चार हातांवर, ओट्याच्या कडेला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मीच वाचलं."

त्या क्षणी मला बोलायचं होतं. दोन शब्द पुरे होते, मी शिकवलं. मी ते बोललो नाही. आजवर मी त्याची कितीतरी कारणं शोधली. परक्याच्या दारात होतो, भाऊ चिडला असता, तिला आणखी त्रास झाला असता. यांतलं एकही खरं नाही. मी घाबरलो आणि पाणी प्यायलो, एवढंच झालं.

आई आत होती. मुलगी आत गेली तेव्हा आतून काही आवाज आला नाही. थोड्या वेळाने ती हंडा घेऊन पाण्याला निघाली, तर आई मागून आली, तिच्या हातातून हंडा काढून घेतला आणि स्वतः गेली. बापाला कुठे पुरलंय ते बघायला जाऊ का, असं मुलीने भावाला विचारलं. भावाने माझ्याकडे नजर टाकली आणि म्हणाला, "आज नको. बाहेरचा माणूस आहे बरोबर." म्हणजे मी सोबत गेलो नसतो तर ती त्या दिवशी तिथे जाऊ शकली असती.

आई पाणी घेऊन परत आली आणि पावरीत एक वाक्य बोलली. मुलगी लगेच उठली. पिशवी उचलली. आम्ही निघालो. खाली उतरताना मी विचारलं, आई काय म्हणाली. "काही नाही सर," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर मी तिच्याशी निकालाबद्दल बोललो. निकाल कधी लागणार, नोंदणी कशी करायची, असं काहीबाही. ती उत्तरं देत होती.

पुढच्या रविवारी पाळकांनी तिची गोष्ट साक्ष म्हणून प्रवचनात सांगितली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नांगराला हात घातला की मागे वळून बघायचं नाही, या वचनावर ते बोलत होते, आणि म्हणाले की आपल्यात एक कन्या आहे जिने बापाच्या मरणातही मागे वळून पाहिलं नाही. लोकांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. एका बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती उठली, चपला हातात घेऊनच बाहेर गेली आणि फाटकापाशी पोचल्यावर त्या पायात घातल्या. त्यानंतर ती चर्चला आली नाही.

पंधरा दिवसांनी मी हॉस्टेलवर गेलो. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. तिचं सामान बांधून शेजारीच ठेवलेलं होतं. प्रशिक्षणाला ती परत गेली नव्हती, सुरतच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं होतं. मी म्हणालो, "माझं चुकलं."

"तुम्ही खोटं सांगितलं का, सर?" तिने खरंच विचारलं. टोमणा नव्हता.

"नाही. ग्रंथात तसंच आहे."

"मग काय चुकलं?"

मी तिला सांगितलं की दुसऱ्या एका ग्रंथात वेगळंही आहे. काही जण म्हणतात, त्याचा बाप खरोखरच त्या दिवशी मेलेला होता. काही म्हणतात, ते वचन फक्त त्या एका माणसासाठी होतं, सगळ्यांसाठी नाही.

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

मी खरं ते सांगितलं. "मी निवडलेला अर्थ जास्त चांगला बसत होता. वर्गात सगळ्यांना पटतो तो."

 ती म्हणाली, "त्या माणसाचं पुढे काय झालं? तो प्रभूच्या मागे गेला की घरी गेला?"

"ते लिहिलेलं नाही."

"नीट बघा ना, सर."

तिचं बायबल तिने पेटीतून काढून दिलं. ही गोष्ट ज्या दोन शुभवर्तमानांत आहे, त्यांतले उतारे मी तिथेच काढून वाचले. तिला माझ्या पाठांतरावर विश्वास नव्हता आणि तो असावाही का? दोन्हीकडे तो माणूस एक वाक्य बोलतो आणि पुन्हा दिसत नाही. मी तसं तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि पुस्तक परत मागितलं नाही. मी ते बाकावर ठेवलं. ती गेल्यावर ते तिथेच होतं, म्हणून घरी घेऊन आलो.

वर्ग मी अजून घेतो, कारण दुसरा कुणी घेत नाही. आता कुणी प्रश्न विचारला की मी आधी म्हणतो, हे तुला का विचारावंसं वाटलं? मुलं गोंधळतात, एकमेकांकडे बघतात, काही नाही सर म्हणून बसतात. संख्याही कमी झाली आहे. त्यांना मोबाइलवर हिंदीतले उपदेशक मिळालेत. ते पटकन आणि छातीठोक उत्तर देतात, आणि मी हल्ली "माहीत नाही" फार वेळा म्हणतो. एका मुलाने मला तोंडावर सांगितलं, "सर, तुम्ही आधी चांगलं शिकवायचे." पाळक म्हणतात, स्वतःला दोष देऊ नका, देवाची योजना असते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. प्रार्थनेला बसतो, पण ओठ हलतात आणि आत काही हलत नाही, असं झालंय. बायकोला हे माहीत आहे. तिने एकदाच विचारलं, "तिना भाऊले सांगं का तुम्ही?"

सांगितलं नव्हतं. वर्ष उलटून गेलं तेव्हा एक दिवस एकटाच निघालो. जीप, दुसरी गाडी, मग चढ. या वेळी थांबणारं कुणी नव्हतं, मी चार ठिकाणी बसलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तुझ्या बहिणीने स्वतः वाचलं नव्हतं, मी शिकवलं, आणि मी त्या दिवशी तुझ्यासमोर बसून गप्प राहिलो. शब्द सोपे निवडले होते, त्याला कळतील असे.

घर बंद होतं. दाराची कडी सुंभाने बांधलेली, अंगणात पाचोळा साचलेला. पलीकडच्या टेकाडावरून एक म्हातारा काठी टेकत आला. त्याला मराठी येत नव्हतं, मला पावरी. हाताने खूण करून त्याने दाखवलं, खाली, लांब. "गुजरात," तो म्हणाला. "ऊस." आईसुद्धा का, असं मी खुणेने विचारलं, तर त्याने मान डोलावली. कधी परत येतील ते मला विचारता आलं नाही.

त्याने मला काहीतरी विचारलं. माझं काय काम होतं, असंच असावं. मी हात हलवून काही नाही म्हणालो. तो थोडा वेळ माझ्याजवळ उभा राहिला, मग त्याच्या वाटेने गेला. परतीची गाडी तीन वाजता होती. मी उतरायला सुरुवात केली.